‘यहोवा यिरे’ म्हणजे नक्की काय? (दारावरच्या पाटीवर हिब्रूत कोरायचे आहे)

रंधापटाशी
सागवानी पाटी आहे, १८ इंच बाय ६ इंच. वर देवनागरीत ‘यहोवा यिरे’ आणि खाली तेच हिब्रूत कोरायचे आहे. घर ख्रिस्ती कुटुंबाचे. नेटवर शोधले तर कुठे ‘जेहोवा जायरा’, कुठे ‘याव्हे यिरे’, कुठे ‘यहोवा यीरेह’. अर्थ कोणी ‘पुरवठा करणारा देव’ देतो, कोणी ‘देव पाहतो’. यातले खरे कोणते? हिब्रू अक्षरे कुठून उचलावीत? एकदा कोरले की खोडता येत नाही, म्हणून आधीच विचारतोय.

कानामात्रा
आधी अर्थ, मग अक्षरे.

हे नाव शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एकदाच येते, उत्पत्ती २२:१४ मध्ये. अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगरावर जातो, सुरी उगारतो, वरून हाक येते, झुडपात शिंगे गुंतलेला एडका दिसतो आणि इसहाकाच्या जागी त्याचे होमार्पण होते. त्यानंतर अब्राहाम त्या जागेला हे नाव देतो. अधोरेखित करतोय, कारण निम्मा घोळ इथेच आहे. व्याकरणाने पाहिले तर हे देवाचे नाव नाही, डोंगरावरच्या एका ठिकाणाचे आहे.

दोन शब्द आहेत. पहिला देवाच्या नावाची चार अक्षरे: योद, हे, वाव, हे. दुसरा ‘यिर्‌ए’: योद, रेश, आलेफ, हे. धातू ‘राआ’, म्हणजे पाहणे. रूप अपूर्ण काळाचे, तृतीय पुरुष, पुल्लिंगी, एकवचनी. सरळ मराठी ‘तो पाहील’ किंवा ‘तो पाहतो’. ‘पुरवणे’ हा अर्थ कोशात पहिल्या क्रमांकावर कुठेच सापडणार नाही.

वाघोलीची_वाट
मग ‘पुरवठा करणारा’ आला कुठून? चर्चमध्ये तर सगळे तसेच सांगतात. चूक आहे का ते?

कानामात्रा
चूक नाही, पण अर्धे आहे. आणि गंमत म्हणजे हा अर्थ इंग्रजी माणसाला समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला नाही. आपण म्हणतो ना, ‘मुलीसाठी स्थळ बघतोय’, ‘भाड्याने एखादी खोली बघून द्या’, ‘तू काळजी करू नकोस, मी बघतो काय ते’. या तिन्ही वाक्यांत नुसते डोळ्यांनी पाहणे नाही. शोधणे, निवडणे, व्यवस्था लावणे हे सगळे त्या एका ‘बघणे’त आले.

हिब्रू ‘राआ’ नेमका असाच चालतो. उत्पत्ती ४१:३३ मध्ये योसेफ फारोला सांगतो की एखादा शहाणा माणूस पाहा आणि त्याला देशावर नेमा. १ शमुवेल १६:१ मध्ये देव म्हणतो, इशायाच्या मुलांत मी माझ्यासाठी एक राजा पाहिला आहे. त्याच अध्यायात सतराव्या वचनात शौल चाकरांना सांगतो, चांगला वाजवणारा कोणी माझ्यासाठी बघा. तिन्हीकडे ‘राआ’च.

म्हणून ‘परमेश्वर पाहील’ असेच लिहा. ‘बघून देईल’ हा अर्थ मराठी कानाला आपोआप ऐकू येतो. ‘पुरवठादार’ लिहिलेत तर पाहणे निघून जाते आणि गोदाम उरते.

शब्दवेल्हाळ
फक्त ‘पाहून घेईल’ लिहू नका, नाहीतर शेजारी घाबरतील. 😀

कानामात्रा
हो, ते एक सांभाळाच.

आता त्या अध्यायात हा धातू कितीदा येतो ते मोजा. वचन ४: अब्राहामाने तिसऱ्या दिवशी ती जागा दुरून पाहिली. वचन ८: इसहाक विचारतो, विस्तव आहे, लाकडे आहेत, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव स्वतःसाठी कोकरू पाहील. वचन १३: त्याने नजर वर केली आणि पाहिले, तर एडका. वचन १४ मध्ये दोनदा, एकदा जागेच्या नावात आणि एकदा ‘परमेश्वराच्या डोंगरावर…’ या म्हणीत. एकूण पाच. सगळी गोष्ट या एका क्रियापदावर टांगलेली आहे. अनुवादात आठव्या वचनात एक क्रियापद आणि तेराव्यात दुसरे घातले की हा धागा तुटतो.

आठव्या वचनात आणखी एक खाच आहे. हिब्रू वाक्याचा शेवट ‘बेनी’ या शब्दाने होतो, म्हणजे ‘माझा मुलगा’. मुळात स्वल्पविराम नाही, विभक्तीची खूण नाही. ‘देव कोकरू पाहील, माझ्या मुला’ असे वाचता येते आणि ‘देव होमार्पणाचे कोकरू पाहील: माझा मुलगा’ असेही. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी याने ही दुसरी शक्यता स्पष्ट नोंदवली आहे. बापाने खरे सांगितले की टाळले, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

वाघोलीची_वाट
आणि तो दुसरा, म्हणीतला शब्द? काही अनुवादांत ‘डोंगरावर पाहून देण्यात येईल’, काहींत ‘परमेश्वर दिसेल’.

कानामात्रा
व्यंजने तीच चार, स्वर बदलतात: ‘येराए’. हे कर्मणी रूप, ‘पाहिला जाईल’ किंवा ‘दिसेल’. हिब्रू मुळात व्यंजनांत लिहिली जायची, स्वरखुणा मसोरा परंपरेच्या पंडितांनी इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत लावल्या. त्यांनी पहिला शब्द ‘पाहील’ असा वाचला आणि दुसरा ‘दिसेल’ असा. त्यांच्याआधीचा सेप्टुअजिंट हा ग्रीक अनुवाद नावाला भूतकाळ लावतो, ‘प्रभूने पाहिले’, आणि म्हणीत ‘प्रभू दिसला’. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने आठव्या वचनात ‘प्रोविदेबित’ घातले आणि चौदाव्यात साधे ‘विदेत’, म्हणजे पाहतो. त्या ‘प्रोविदेरे’चा शब्दशः अर्थ आधीच पाहून ठेवणे. इंग्रजीतला पुरवठ्याचा शब्द तिथूनच निघाला, आणि पुढे त्यातले ‘पाहणे’ लोक विसरले.

‘दिसेल’ला पुढे मोठा अर्थ आला. २ इतिहास ३:१ प्रमाणे शलमोनाने मंदिर बांधले ते यरुशलेमात मोरिया डोंगरावर. ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकात, १६:१६ मध्ये, वर्षातून तीनदा सगळ्या पुरुषांनी देवासमोर ‘दिसावे’ अशी आज्ञा आहे, आणि रिकाम्या हाताने यायचे नाही. तिथे हेच क्रियापद, हेच रूप. त्या डोंगरावर देव माणसाला पाहतो आणि माणूस त्याच्यापुढे दिसायला जातो. ‘दर्शन’ शब्दाची ही दुहेरी चाल मराठी वाचकाला नवी नाही.

शनवार_तेली
उशिरा आलो. बेने इस्राएल (मराठी बोलणारे यहुदी) घरातल्या चालीरीतीच्या बाजूने थोडे.

पहिली गोष्ट, ती चार अक्षरे आमच्याकडे कोणी जशी लिहिली तशी वाचत नाही. प्रार्थनेत ‘अदोनाय’ म्हणतात, बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी महायाजक तो उच्चार करायचा, असे मिश्ना या जुन्या यहुदी नियमग्रंथात आहे. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडले आणि तेही थांबले. ‘यहोवा’ हा उच्चार यहुदी नाहीच.

दुसरी गोष्ट पाटीची. ही चार अक्षरे एकदा लिहिली की खोडायची नाहीत, टाकायची नाहीत, पायाखाली येऊ द्यायची नाहीत. अशी जीर्ण पाने ‘गेनिझा’त साठवतात आणि पुढे पुरतात. सागवानी पाटी पाच वर्षांनी पॉलिश काढून घासायला गेली, तर ते खोडणेच. ख्रिस्ती घराला हा नियम लागू नाही हे कळते, पण पाहुण्यांत यहुदी कोणी आला तर त्याला खटकेल. सोपा उपाय: चार अक्षरांऐवजी एकटे ‘हे’ अक्षर आणि त्याच्या डोक्याशी एक छोटी तिरकी रेघ, मग ‘यिर्‌ए’. हिब्रूत लोक सर्रास असे लिहितात. आठ अक्षरांची पाच होतात, कोरायलाही हलके.

शब्दवेल्हाळ
मग ‘यहोवा’ आले कुठून? आणि ‘याव्हे’?

कानामात्रा
यावर दुसरीकडे भांडणे होतात, इथे नको. थोडक्यात.

मसोरा पंडितांना चार अक्षरे बदलायची नव्हती आणि वाचणाऱ्याला ‘अदोनाय’ म्हणायला लावायचे होते. म्हणून त्यांनी व्यंजने ठेवली आणि अदोनायच्या स्वरखुणांची आठवण वर चढवली. मराठीत कल्पना करा: पोथीत लिहिले आहे ‘विठोबा’, पण वाचायचे ‘माउली’. म्हणून विठोबाच्या व-ठ-बवर माउलीचे आ-उ-ई चढवले. परगावचा माणूस आला आणि भक्तिभावाने वाचू लागला: ‘वाठुबी’. ‘यहोवा’ ही अशी ‘वाठुबी’ आहे. तेराव्या शतकात लॅटिन लिखाणात असे रूप दिसू लागले, विल्यम टिंडलच्या १५३० च्या इंग्रजी अनुवादात निर्गम ६:३ ला आले, तिथून इंग्रजीत रुळले आणि मिशनऱ्यांबरोबर इकडे पोचले.

‘याव्हे’ किंवा ‘यहवे’ ही अभ्यासकांची जुळणी. आधार दोन प्रकारचे. एक, ग्रीक लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांच्या नोंदी: शोमरोनी लोक (यहुद्यांहून वेगळा पण मोशेचे ग्रंथ मानणारा समाज) ‘इआबे’ म्हणतात असे पाचव्या शतकातला थिओडोरेट लिहितो. दोन, नावांत उरलेले तुकडे: ‘हालेलूया’मधला ‘या’, यशया-यिर्मया यांच्या शेवटचा ‘या’, यहोशवा-योनाथान यांच्या सुरुवातीचा ‘यहो’ किंवा ‘यो’. ‘येशू’ हे नावसुद्धा येशूआचे, ते यहोशवाचे, अर्थ ‘परमेश्वर तारतो’. म्हणजे ख्रिस्ती माणूस ‘येशू’ म्हणतो तेव्हा त्या नावाचा तुकडा तोंडात असतोच.

कॅथलिक घर असेल तर आणखी एक: २००८ साली व्हॅटिकनने कळवले की उपासनेत, गीतांत, प्रार्थनांत ‘याव्हे’ उच्चारू नये, ‘प्रभू’ म्हणावे. घराच्या पाटीबद्दल त्यात काही नाही.

मराठी शास्त्र वाचताना एक किल्ली: ‘परमेश्वर’ छापलेले दिसले की मुळात बहुतेक ही चार अक्षरे, ‘देव’ दिसले की ‘एलोहीम’, ‘प्रभू परमेश्वर’ दिसले की ‘अदोनाय’ आणि शेजारी चार अक्षरे. शेवटच्या जागी अदोनाय दोनदा येऊ नये म्हणून वाचणारा दुसऱ्याला ‘एलोहीम’ म्हणतो, आणि स्वरखुणाही तशाच बदलतात. उत्पत्ती २२ मध्ये पहिल्या दहा वचनांत फक्त ‘देव’ आहे, अकराव्यात सुरी थांबते तिथून ‘परमेश्वर’ सुरू होतो. पुढच्या वेळी वाचताना बोट ठेवून बघा.

वाघोलीची_वाट
मग भिंतीवरचे तक्ते असतात, ‘यहोवाची आठ नावे’: यिरे, निस्सी, शालोम, राफा, शम्मा, सिद्‌केनू… ती नावे नाहीतच?

कानामात्रा
ते तक्ते पाठांतराला बरे, अर्थाला कच्चे. निस्सी (निर्गम १७:१५) मोशेच्या वेदीचे नाव. शालोम (शास्ते ६:२४) गिदोनाच्या वेदीचे. शम्मा (यहेज्केल ४८:३५) नगराचे. सिद्‌केनू यिर्मया २३:६ मध्ये येणाऱ्या राजाचे, ३३:१६ मध्ये नगराचे. राफा तर नाम म्हणून आलेलेच नाही. निर्गम १५:२६ मध्ये ‘मी तुला बरे करणारा परमेश्वर’ असे वाक्य आहे, तक्तेवाल्यांनी त्याचा तुकडा पाडला.

खरेच देवाला पाहण्यावरून नाव दिले ते एका दासीने. उत्पत्ती १६:१३. हागार रानात, विहिरीपाशी, पोटात इश्माएल. ती त्याला ‘एल रोई’ म्हणते, म्हणजे ‘मला पाहणारा देव’. धातू पुन्हा ‘राआ’. विहिरीचे नावही त्यावरून पडले, बएर-लहाय-रोई. अब्राहामाच्या घरातून पळालेल्या बाईने जे सहा अध्याय आधी ओळखले ते अब्राहामाला मोरियावर कळले. तक्त्यात मात्र यिरे ठळक आणि एल रोई बहुधा गायब.

दोन_भाकरी
सगळे मान्य. पण ख्रिस्ती माणूस हे पाटीवर का लावतो? गाडी मिळावी, कर्ज फिटावे म्हणून. रिक्षाच्या मागे ‘यहोवा यिरे’ असते ते त्यासाठीच.

वाघोलीची_वाट
असू दे की. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे येशूनेच शिकवले. रिक्षावाल्याने भाकर मागू नये का?

दोन_भाकरी
भाकर जरूर मागावी. पण या वचनात भाकर नाही. त्या दिवशी अब्राहामाला काही मिळाले नाही, त्याचे जे जाणार होते ते त्याला परत मिळाले. एडकासुद्धा त्याने घरी नेला नाही, तिथेच जाळला. फिलिप्पै ४:१९ घ्या, तिथे गरज पुरवण्याचे स्पष्ट बोलले आहे, पाटीवर ते लिहा. उत्पत्ती २२ ला मोटारीचे वचन करू नका.

कानामात्रा
इथे मी दोन_भाकरींच्या बाजूने, थोडा बदल करून. नव्या करारात या अध्यायाचा धागा पैशाकडे कुठेच जात नाही. रोमकरांस ८:३२: ज्याने आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचे ग्रीक क्रियापद सेप्टुअजिंटमध्ये उत्पत्ती २२:१६ ला अब्राहामासाठी वापरलेलेच आहे. त्याला मोरिया आठवत होता. इब्री ११:१७-१९ मध्ये अब्राहामाने मुलाला जणू मेलेल्यांतून परत मिळवले असे म्हटले आहे. योहान १:२९ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून ‘हा पाहा देवाचा कोकरा’ म्हणतो. इसहाकाने विचारले होते ‘कोकरू कुठे आहे?’, आणि डोंगरावर सापडला तो एडका. मुळातही दोन वेगळे शब्द आहेत, ‘से’ आणि ‘अयिल’. कोकराचा प्रश्न तसाच राहिला, असे ख्रिस्ती वाचन जुन्या काळापासून आहे. दुसऱ्या शतकातल्या सार्दीसच्या मेलितोने लाकडे खांद्यावर वाहणारा इसहाक आणि क्रूस वाहणारा येशू शेजारी ठेवले.

त्याच रोमकरांस वचनाच्या शेवटी ‘त्याच्याबरोबर सर्व काही देणार नाही काय’ हेही आहे. भाकर त्या ‘सर्व काही’त येते. क्रम तेवढा उलटा करू नका.

शनवार_तेली
आमच्याकडे हा अध्याय रोश हशानाला, म्हणजे कोकणातल्या जुन्या बोलीत ‘नव्याच्या सणा’ला, वाचला जातो. शोफार फुंकतात तो मेंढ्याच्या शिंगाचा, त्या एडक्याची आठवण. ख्रिस्ती अर्थ आमचा नाही, पण गोष्ट एकच.

रंधापटाशी
अर्थ पोचला. आता अक्षरे सांगा. मी हिब्रूचा एक फॉण्ट उतरवला, कॉपी-पेस्ट केले आणि राउटरच्या (कोरणीच्या यंत्राच्या) सॉफ्टवेअरमध्ये टाकले. बरोबर दिसतेय का, मला कळत नाही.

कानामात्रा
इथेच सगळ्यात जास्त पाट्या बिघडतात. कुठे काय फसते ते बघा.

हिब्रू उजवीकडून डावीकडे. कोरणीची बरीच सॉफ्टवेअरे हे जाणत नाहीत आणि अक्षरे डावीकडून लावतात. ‘यिर्‌ए’ उलटले तर हे-आलेफ-रेश-योद होते. दुर्दैवाने तोही नीट शब्द आहे: ‘हा-अरी’, म्हणजे ‘सिंह’. सबंध चूक असती तर कोणाच्या तरी लक्षात आली असती. ही येत नाही. तपासायची खूण: डावीकडच्या टोकाला चौकटीसारखे ‘हे’ यायला हवे आणि शब्दाच्या उजव्या टोकाला सगळ्यात छोटे, वर लटकलेले ‘योद’.

दुसरे, रेश आणि दालेत. रेशचा वरचा उजवा कोपरा गोल, दालेतचा टोकदार आणि मागे किंचित बाहेर आलेला. पटाशीने कोपरा साफ करायच्या नादात रेशचा दालेत झाला, तर ‘यिद्‌ए’ होते: ‘झडप घालील’. अनुवाद २८:४९ मध्ये गरुडासारख्या येणाऱ्या शत्रूसाठी हाच शब्द आहे. दारावर नको. नकलकारही इथे घसरलेत: उत्पत्ती २२:१३ मध्ये एडक्यापुढे ‘अहार’ (मागे) आहे, पण बऱ्याच हस्तलिखितांत, शोमरोनी प्रतीत आणि सेप्टुअजिंटमध्ये ‘एहाद’ (एक). फरक फक्त रेश-दालेतचा.

तिसरे, ‘हे’ आणि ‘हेत’. ‘हे’चा डावा पाय छताला टेकत नाही, वर फट असते. टेकला की ‘हेत’. ३ मिमीची बिट त्या फटीत फिरली तर कडा ढासळतात आणि फट उरत नाही. अक्षराची उंची ४० मिमी धरलीत तर फट निदान ३ मिमी ठेवा आणि तो भाग हाताने करा.

चौथे, शेवटचे ‘हे’ गाळू नका. जागा कमी पडली म्हणून कोणी योद-रेश-आलेफ एवढेच ठेवतो. ती तीन अक्षरे ‘भिणारा’ अशी वाचली जातात. बाराव्या वचनात देवदूत अब्राहामाला ‘तू देवाला भिणारा आहेस’ म्हणतो, तिथे तीच तीन अक्षरे आहेत. मूळ लेखकाने हा खेळ मुद्दाम केला असेल, पाटीवर तो अपघाताने नको.

मजकूर म्हणून फाइल पाठवूच नका. अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉण्ट बदलून अक्षरे उलटी होणार नाहीत. आणि आधी कागदावर खऱ्या मापात छापून अक्षरओळख असलेल्या कोणाला तरी दाखवा.

वाघोलीची_वाट
देवनागरीत काय लिहायचे? ‘यिरे’ की ‘यिर्‌ए’?

कानामात्रा
उच्चार ‘यिर्‌-ए’, जोर शेवटच्या ‘ए’वर. मधला आलेफ घशातला हलका थांबा, शेवटचे ‘हे’ मुके. मराठीत ‘यिरे’ रुळले आहे, तेच ठेवा. ‘जायरा’ मात्र नको. ‘ज’ आला तो लॅटिन-जर्मन लेखनातून, जिथे त्या अक्षराचा उच्चार ‘य’च होता, आणि पुढचे इंग्रजी जिभेने केले.

शनवार_तेली
जागेबद्दल एक. यहुदी घराच्या चौकटीवर आत शिरताना उजव्या हाताला, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, ‘मेझुझा’ नावाची छोटी डबी असते. आत चर्मपत्रावर वचने लिहिलेली असतात. ही पाटी तिथे न लावता दाराच्या वर मध्ये लावा, म्हणजे कोणाचा गैरसमज होणार नाही. स्वरखुणा कोरू नका. त्या बारीक ठिपक्यांत पॉलिश साचते आणि वर्षभरात रेश कुठला, धूळ कुठली कळत नाही.

रंधापटाशी
ठरले. वर ‘यहोवा यिरे’, मध्ये हिब्रू पाच अक्षरे (रेघेचे ‘हे’ आणि यिर्‌ए), खाली लहान अक्षरांत ‘परमेश्वर पाहील’ आणि उत्पत्ती २२:१४. घरच्यांना विचारले, त्यांना चालतेय. कागदी नमुना उद्या इथे टाकतो, रेशचा कोपरा कोणीतरी तपासा.

शब्दवेल्हाळ
सिंह निघाला तर मी घेतो ती पाटी.